पसरून केलेलें आणि विणून केलेलें : लोकरीच्या आस्तरणांविषयीं कांहीं टिपणें

मोडी दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकांस घोंगडें, कांबळें, धाबळी आणि बुरणूस हीं नांवें अपरिचित नाहींत. वतनपत्रांतील हक्कांच्या यादींत चांभाराकडून जोडा, तेल्याकडून तेल, तसें धनगराकडून घोंगडें घेण्याचा हक्क आढळतो. परंतु अशा कागदाची बालबोध प्रत तयार करतांना या सर्व शब्दांपुढें कंसांत ‘लोकरीचें पांघरूण’ एवढें लिहून मोकळें होण्याची चाल पडून गेली आहे. संस्कृत ग्रंथांच्या बाबतींतही हीच गत. कंबल, आविक, कुतप, रल्लक, नमत या सर्वांस मिळून भाषांतरकारांजवळ एकच शब्द. ही चाल सोयीची खरी. परंतु तिच्यामुळें दोन सर्वस्वीं भिन्न कारागिऱ्या एकमेकींत बुडून जातात, आणि कागदांत किंवा ग्रंथांत जें स्पष्ट लिहिलेलें आहे तेंही वाचकास दिसेनासें होतें. वस्त्र कसें सिद्ध होतें हें जाणल्यावांचून त्याच्या नांवाचा अर्थ ठरवूं नये, असें आमचें मत आहे, व त्यास आधार काय तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

लोकरीचें जाड आस्तरण मुख्यत्वें दोन रीतींनीं होतें. एका रीतींत सूत नाहीं, माग नाहीं. पिंजलेली लोकर थरावर थर पसरावयाची, भिजवावयाची आणि दाबून, मळून तिचें एकजीव पटल करावयाचें. दुसऱ्या रीतींत लोकर कातून तिचें सूत करावयाचें व तें मागावर विणावयाचें. ताण्यावर गांठी मारून गालिचा करण्याची तिसरी रीत आहे. पण तिचा इतिहास निराळा आणि विस्तृत असल्यामुळें ती येथें सोडून दिली आहे.

पहिली रीत शक्य होते ती लोकरीच्या अंगच्या गुणामुळें. लोकरीच्या केंसावर माशाच्या खवल्यांप्रमाणें सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण हीं तिन्ही मिळालीं म्हणजे हे केंस एकमेकांत शिरतात आणि एकदां गुंतले म्हणजे मागें येत नाहींत. कापसास हा गुण नाहीं. कापूस कितीही दाबला तरी त्याची गादी होईल, सतरंजी होणार नाहीं.

या वस्तूंचे प्राचीन अवशेष आपल्या देशांत मिळण्याची आशा अल्प. आपली हवा दमट, त्यांत कसर आणि वाळवी. सैबेरियांतील अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथील थडग्यांत बर्फामुळें टिकून राहिलेलीं लोकरीचीं पटलें आणि १९४९ सालीं रुदेन्को यांस तेथेंच सांपडलेला गांठींचा गालिचा हीं सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयांत आहेत. त्यांचा काळ इसवी सनापूर्वींचें पांचवें-चवथें शतक असा मानितात. आपणांस तो मार्ग बंद आहे. आपला पुरावा मुख्यत्वें शब्दांचा. म्हणूनच शब्दांविषयीं इतकी काळजी घेणें अवश्य.

पसरून केलेल्या आस्तरणाचा आमच्या पाहण्यांतील सर्वांत सविस्तर भारतीय पुरावा पालि विनयपिटकांत आहे. मराठी वाचकांस विनयाचा परिचय धर्मानंद कोसंबी यांनीं ‘बौद्ध संघाचा परिचय’ या ग्रंथांत करून दिला. परंतु लोकरीविषयींच्या नियमांकडे वस्त्रविद्येच्या दृष्टीनें फारसें कोणीं पाहिलें नाहीं. निस्सग्गिय वर्गांतील अकराव्यापासून सतराव्यापर्यंतचे सात नियम केवळ या विषयाचे आहेत. त्यांत आस्तरणास ‘संथत’ म्हटलें असून मूळ ग्रंथानेंच त्याची व्याख्या दिली आहे : पसरून केलेलें, न विणलेलें. ‘अवायिम’ हा एक शब्द सर्व वाद मिटविण्यास पुरेसा आहे. पुढें टीकाकार बुद्धघोष कृतीही सांगतो. सपाट भूमीवर तंतु एकावर एक पसरून त्यांवर कांजी इत्यादि शिंपडीत जावें, अशी ती कृति. इतकें असूनही या शब्दाचें भाषांतर ‘कांबळें’ असें करणारास काय म्हणावें?

नियमांचा तपशील मोठा बोधप्रद आहे. अकराव्या नियमानें संथतांत रेशीम मिसळण्यास मनाई केली, बाराव्यानें निव्वळ काळ्या लोकरीचें संथत निषिद्ध ठरविलें. त्यावर कांहीं चतुर भिक्षूंनीं कडेला किंचित् पांढरी लोकर लावून पूर्ववत् काळेंच संथत चालू ठेविलें, म्हणून तेराव्या नियमांत प्रमाण घालून द्यावें लागलें : दोन भाग काळी, तिसरा भाग पांढरी, चवथा पिंगट. अर्थ विवरून सांगतांना हें प्रमाण तुलेनें, म्हणजे वजनानें, सांगितलें आहे. काळें संथत हें चैनीचें, गृहस्थांस शोभणारें मानीत, हेंही या कथेवरून समजतें. आमच्याकडील काळ्या घोंगडीस जो मान आहे त्याची येथें सहजच आठवण होते. पण दोहोंचा संबंध जोडण्यास आधार नाहीं.

चवदावा नियम म्हणतो कीं एकदां केलेलें संथत सहा वर्षें वापरावें. पंधराव्यांत याहून महत्त्वाची गोष्ट आहे. बसण्याचें नवें आसन करतांना जुन्या संथताचा सुगताच्या वितीएवढा तुकडा त्यांत घालावा असा हा नियम. आणि तो तुकडा एका बाजूस तसाच पसरावा किंवा उसवून, मोकळा करून नव्या लोकरींत पसरावा अशी दुहेरी मुभा आहे. विणलेल्या वस्त्राचा तुकडा विणलेल्या वस्त्रांत असा मुरत नाहीं, त्यास ठिगळ म्हणून शिवावेंच लागतें. जुनी लोकर नव्या थरांत मिसळून एकजीव होणें हें पसरून केलेल्या आस्तरणांतच संभवतें. सतराव्या नियमांत नात्याच्या नसलेल्या भिक्षुणींकडून लोकर धुववून, रंगवून, मोकळी करवून घेण्याची मनाई आहे. कामें तीनच सांगितलीं आहेत. कातणें नाहीं, विणणें नाहीं. ग्रंथकाराच्या डोळ्यांपुढें कोणती कारागिरी होती हें यापरतें अधिक स्पष्ट तें काय व्हावयाचें?

मधला सोळावा नियम व्यापाराच्या अभ्यासकांनीं पाहावा. कोसल देशांत श्रावस्तीच्या वाटेवर लोकरीचें गांठोडें वाहणाऱ्या भिक्षूस लोकांनीं ‘कितीस घेतली, नफा किती होईल’ असें विचारून लाजविलें, म्हणून स्वतः लोकर वाहण्यास तीन योजनांची मर्यादा पडली. वाटेवर गांठोडें दिसतांच लोकांस प्रथम नफाच सुचला, त्या अर्थीं लोकरीची नेआण नित्याची असली पाहिजे.

संस्कृतांत ‘नमत’ हा शब्द याच पटलाचा वाचक आहे. पालींत ‘नमतक’, फारसींत ‘नमद’, काश्मिरांत आजही ‘नमदा’. महाराष्ट्रांत मात्र याच वस्तूस बुरणूस हें नांव पडलें. अरबींत हा शब्द टोपीच्या झग्याचा वाचक. आमच्याकडे तो न विणलेल्या लोकरी पटलास लागला. तें करणारे पिंजारी, कापूस पिंजण्याचाच ज्यांचा धंदा, ते. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण विणणाऱ्या जातींचा बुरणुसाशीं संबंध येत नाहीं. कृति अशी : लोकर धुऊन, वाळवून, तातीच्या धनुष्यानें पिंजावी, चटईवर किंवा जाड कापडावर सारख्या थरांनीं पसरावी, पाणी शिंपडावें (काश्मिरांत साबणाचें पाणी घेतात), मग चटईसकट वळकटी करून ती पायांनीं व कोंपरापर्यंतच्या हातांनीं दाबीत, लोळवीत राहावें, मध्यंतरीं उलगडून विरळ जागीं लोकर भरावी आणि पुन्हां वळावी. नक्षी हवी असल्यास रंगीत लोकर सर्वांच्या अगोदर चटईवर मांडतात, म्हणजे उलगडल्यावर ती दर्शनी बाजूस येते. कातण्याचे श्रम वांचतात म्हणून ही रीत सोपी, असें कोणी म्हणेल; तासन्‌तास वळकटी मळणारास तें पटणार नाहीं.

आतां घोंगडें. दख्खनी मेंढी बहुतेक काळी, तिची लोकर राठ. वर्षांतून दोनदां ती कातरतात. कातरण्यापूर्वीं मेंढरें ओढ्यांत धुऊन काढतात. कोंकराची पहिली लोकर ती जावळ, आणि जावळाची घोंगडी मऊपणाबद्दल नांवाजलेली. लोकर हातानें उकलून, पिंजून तिचे पेळू करतात. कातण्याचें काम बहुधा स्त्रियांचें. पुढें ताणा लावण्याचें. धनगरांतील खुटेकर हें नांव ताण्यासाठीं रोवलेल्या खुंटांवरून आलें. सणगर ही विणकऱ्यांची जात निराळी. राठ, केसाळ सुताचा ताणा तसाच मागावर घातला तर धागे एकमेकांस बिलगतात व तुटतात. म्हणून चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून त्यांची खळ करावयाची, ती कुंच्यानें ताण्यावर चोळावयाची आणि उन्हांत ताणा वाळूं द्यावयाचा. या कामावर घोंगड्याची योग्यता अवलंबून असते. विणणें त्या मानानें शीघ्र : विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसतो, पायांनीं पावड्या दाबतो, हातानें धोटा फेंकतो. विणून झाल्यावर शेवटीं जे ताण्याचे धागे मोकळे राहतात त्यांस पीळ घालून दशा करतात. ‘दशा’ हा शब्द याच अर्थानें संस्कृतांत आहे, तो सणगराच्या तोंडीं अद्याप जिवंत आहे. आमच्या विद्यार्थ्यांस तो अमरकोशांत पाठ करावा लागे.

विणलेलें घोंगडें वापरांत भिजतें, वाळतें, घांसलें जातें, आणि मग वर सांगितलेला लोकरीचा गुण येथेंही थोडासा प्रगट होऊन विणेचीं छिद्रें बुजत जातात. त्यामुळें खोळ घेऊन पावसांत उभा राहिलेला धनगर सहसा चिंब होत नाहीं. लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल अंगांत घेऊनही हातास कोरडी लागते. पुरतें भिजलें मात्र, कीं तें उचलवत नाहीं आणि लवकर वाळतही नाहीं. ‘भिजत घोंगडें’ या वाक्प्रचाराचें मर्म मागील पिढीस समजावून सांगावें लागत नसे.

पावसाच्या या उपयोगास कौटिल्याची साक्ष आहे. शामशास्त्री यांनीं म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांतील हस्तलिखितावरून १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील अकराव्या अध्यायांत कोशांत घ्यावयाच्या आविक वस्त्रांची यादी आहे. तींत घोड्याच्या पाठीवर घालावयाचें तुरगास्तरण आहे, तसेंच नेपाळचें भिंगिसी नांवाचें, आठ तुकडे जोडून केलेलें, काळें, पाऊस वारणारें वस्त्रही आहे. शिवाय, वस्त्राची घडण सांगतांना विणींत चित्र काढलेलें आणि खंड जोडून केलेलें असे भेद तो करतो. म्हणजे कौटिल्याच्या यादीचा कल विणलेल्या वस्त्रांकडे आहे, विनयाचा पसरलेल्यांकडे. दोन्ही ठिकाणीं ‘कांबळें’ असें भाषांतर केलें कीं हा भेद नाहींसा होतो.

पाणिनीच्या पांचव्या अध्यायाच्या प्रारंभीं ‘कंबल’ शब्दापासून संज्ञा म्हणून ‘कंबल्य’ साधिला आहे. काशिकाकार त्याचा अर्थ शंभर पळें लोकर असा देतात. एका कंबलास लागणारी लोकर, असा त्याचा मूळ आशय असावा. शंभर पळांची एक तुला, हें अमरसिंहही सांगतो. तेव्हां विनयांतील संथत चार तुलांचें आणि व्याकरणांतील कंबल एका तुलेचें, असा चौपटीचा फरक निघतो. देशकालपरत्वें तुला बदलत असल्यामुळें, आणि विनयांतील आंकडे प्रमाणापुरतेच असूं शकतील म्हणून, यावर फार भार घालतां येणार नाहीं. परंतु अंथरावयाचें पटल पांघरावयाच्या विणीपेक्षां जाड असणें स्वाभाविकच आहे.

मनुस्मृतींत (अ. ५, श्लो. १२०) आविकाची शुद्धि खाऱ्या मातीनें व कुतपाची रिठ्यानें सांगितली आहे. पहाडी बकऱ्यांच्या केंसांचें तें कुतप आणि मेंढीच्या लोकरीचें तें आविक, हा विवेक स्मृतिकारास होता. आमच्या भाषांतरकारांस तो राहिला नाहीं. लोकरीस सोंवळ्यांत जो मान मिळाला त्याची खूण धाबळी या शब्दांत आहे. धाबळी नेसून देवपूजा होई, घोंगडें नेसून होत नसे. दोन्ही लोकरीचींच, पण यादींत एकाच्या जागीं दुसरें वाचलें तर घराचें देवघर गोठ्यांत जाऊन पडावयाचें.

हे भेद सांगूं शकणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. मांसासाठीं माडग्याळसारख्या मेंढ्या पाळणें अधिक किफायतीचें ठरल्यापासून राठ काळी लोकर कातरून टाकून देण्याची वेळ ठिकठिकाणीं आली. बाजारांत पानिपतचीं, जुन्या लोकरीचा पुन्हां धागा काढून यंत्रावर केलेलीं ब्लँकेटें स्वस्त मिळतात. सणगराचा मुलगा मागावर बसत नाहीं, यांत त्याला दोष देतां येणार नाहीं. पण त्याच्या आज्याजवळचे शब्द लिहून घेण्यास कोणाची हरकत आहे? पट्टणकोडोलीच्या बाजूस किंवा माणदेशांत ज्यांचें जाणें होतें त्यांनीं मागाच्या प्रत्येक भागाचें नांव जसें उच्चारतात तसें टिपावें, शुद्ध करूं नये.

कागद संग्रहीं असणारांस आमची सूचना इतकीच कीं, लोकरीच्या वस्त्राचें नांव वाचतांना त्याच कागदांत आजूबाजूस कोणता खर्च पडला आहे तेंही पाहावें. चिंचोक्यांची खरेदी, कांतणावळ, विणणावळ यांपैकीं कांहीं दिसलें तर तेथें ताणा होता, व तें घोंगडें किंवा धाबळी असावी. लोकर वजन करून पिंजाऱ्याच्या नांवें पडली असून कांतणावळीचा आंकडाच नसेल, तर वर नांव कोणतेंही असो, वस्तु बुरणूस आहे असें समजून वाचावें.