डेन्मार्कवाल्यांचा समुद्र आणि नानांचे खिळे

नानांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि तोही डेन्मार्कवाल्यांच्या गावात.

आता खुलासा. डेन्मार्कला आईवडिलांना फिरवून आणण्याइतका आमचा पगार अजून झालेला नाही. गाव तमिळनाडूतलंच, चेन्नईच्या दक्षिणेला साधारण पावणेतीनशे किलोमीटर. तमिळ नाव तरंगंबाडी, युरोपियन नकाशांत ट्रांकेबार. १६२० ते १८४५, म्हणजे मधली थोडी वर्षं सोडली तर सव्वादोनशे वर्षं, या गावावर डेन्मार्कच्या राजाचा झेंडा होता. इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज, फार तर डच, एवढीच यादी आपण शाळेत पाठ केलेली. डेन्मार्कवाले कुठल्या धड्यात आल्याचं मला तरी आठवत नाही.

आईनाना मे महिन्यात चेन्नईला आले. (उन्हाळ्यात चेन्नईला कोण येतं? हिंगोलीचा माणूस येतो. त्रेचाळीस डिग्रीतून आलेल्याला अडतीस म्हणजे हवापालट.) आईला देवळं बघायची होती, नानांना समुद्र. आमच्या हिंगोलीतून समुद्र गाठायचा तर रस्त्याने पाचशेच्या वर किलोमीटर. पाणी म्हणजे कयाधू, तीही पावसाळ्यात. चेन्नईच्या मरिनावरची गर्दी मला नको होती म्हणून असं ठरवलं की आधी तंजावर, मग मायिलादुतुरैवरून खाली तरंगंबाडी, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने परत.

दुपारी चारच्या सुमारास पोचलो. १७९२ ची पांढरी वेस आहे, तिच्यावर डेन्मार्कच्या राजाचं अक्षरचिन्ह. तिच्यातून आत शिरलं की एक सरळ रस्ता थेट समुद्रावर जातो. दोन्ही बाजूंना खांबांची जुनी घरं, दोन चर्चेस, एक शाळा, आणि शुकशुकाट. टोकाला पिवळसर रंगाचा डान्सबोर्ग किल्ला, त्याच्यापुढे वाळू. थोडं वर उत्तरेला मासिलामणिनाथाचं देऊळ, पांड्य राजाच्या काळातलं, सातशे वर्षांचं. त्याचा पुढचा बराच भाग समुद्राने खाल्लाय. आता मोठमोठे दगड टाकून समुद्राला अडवलंय. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत या गावानेही माणसं गमावली. आज संध्याकाळी मात्र पाच-सहा पोरं क्रिकेट खेळत होती, एक सुंडलवाला होता, आणि आम्ही तिघं.

नाना चप्पल हातात घेऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "इथं जहाजं कुठं लागत होती रे? धक्का तर दिसंना."

बरोबर प्रश्न. या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदर नाहीच. जहाजं लांब खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माल-माणसं छोट्या होड्यांतून लाटा फोडत वाळूवर यायची. ओव्ह येडे नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा दर्यासारंग १६२० साली असाच इथे उतरला. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी त्याने करार केला, दरसाल ३,१११ रुपये भाडं ठरलं असं सांगतात, आणि किल्ला उभा राहिला. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठवलेलं पत्र कोपनहेगनच्या दफ्तरखान्यात अजून आहे.

आणि इथून पुढे गोष्ट आपल्या घरात शिरते. नायकांचं राज्य १६७३ मध्ये बुडालं आणि दोन-तीन वर्षांत तंजावर आलं व्यंकोजी भोसल्यांकडे. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. म्हणजे त्यानंतर डेन्मार्कवाले या वाळूचं भाडं भरत होते ते मराठी राजाला! नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे हे आपले भाडेकरू." पुढचा अर्धा तास किल्ल्यात ते घरमालकाच्या ऐटीत फिरत होते.

आता नानांबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाना जुळारी. हिंगोलीत एका छोट्या छापखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं खिळे जुळवले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दसऱ्याच्या प्रदर्शनाची हँडबिलं. माझ्या लहानपणी त्यांच्या बोटांना शाईचा आणि रॉकेलचा वास कायम असायचा. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, मराठी त्यांना मोडी आणि पोथ्यांपुरती. नानांनी मात्र जन्मभर मराठी उलटी वाचली, आरशातल्यासारखी. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला तेव्हा गावातल्या प्रत्येक लेटरहेडवरचं "जि. परभणी" रातोरात जुनं झालं. छापखान्याला वाटलं, आता कामच काम. कामं आली पण ती डीटीपी आणि ऑफसेटवाल्यांकडे गेली. पुढच्या वर्षी मालकाने खिळे भंगाराच्या भावाने विकले, किलोवर. नाना त्याबद्दल बोलत नाहीत. मी कॉम्प्युटर शिकलो याच्याशी त्याचा संबंध त्यांनी कधी जोडला नाही. मी मात्र जोडतो.

तर आदल्या दिवशी तंजावरला काय झालं ते. बृहदीश्वराच्या देवळात एका भिंतीवर मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा, सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसल्यांचा वंशेतिहास. जगातल्या फार मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. देवनागरीत, ओळींमागून ओळी. आई प्रदक्षिणा घालून दमून बसली तरी नाना तिथेच बोट हवेत फिरवत उभे. मला वाटलं भारावून गेले असतील. जवळ गेलो तर म्हणाले, "वळण बघ अक्षराचं. याचे खिळे पाडले असते तर..."

तर पाडलेच होते! शिलालेखानंतर दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, याच सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. १८०६ साली तिथे सख्खण पंडितांचं 'बालबोध मुक्तावली' छापलं गेलं. इसापच्या गोष्टी, मराठीत. म्हणजे पुण्यात पेशवाई चालू असताना मराठी मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक छापलं जात होतं ते कावेरीकाठी. (मिरजेला १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली होती हे मला माहीत आहे. पण ती संस्कृत, आणि कोरीव पत्रा. सुट्या खिळ्यांची गोष्ट वेगळी.)

राजाला हे वेड लागलं कुठून? तर या किनाऱ्यावरून, असं माझं मत आहे.

९ जुलै १७०६ ला डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले दोन जर्मन पाद्री ट्रांकेबारला उतरले. त्यातला झिगेनबाल्ग म्हणून जो होता, तो वाळूवर पोरांबरोबर बसून तमिळ शिकला असं म्हणतात. डेन्मार्कच्या इथल्या अधिकाऱ्याला हे पाद्री बिलकूल नको होते. त्याने झिगेनबाल्गला चार महिने याच किल्ल्यात डांबलं. (उदारमतवादी डेन्मार्क वगैरे चित्र डोळ्यांपुढे आलं असेल तर आवरा. हे व्यापारी होते, आणि मालात माणसंही विकलेली आहेत.) पण पाद्री टिकला. १७१२ मध्ये लंडनहून छापखाना आला, पाठोपाठ जर्मनीतल्या हालंहून तमिळ खिळे आले, आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला.

नाना इथे थांबले. "खिळे केवढे होते?"

मोठे होते, कागद पुरेना. मग यांनी इथेच लहान खिळे ओतले. शिसं कुठलं? लंडनहून चीज यायचं त्याच्या डब्यांची शिशाची झाकणं वितळवून, असं सांगतात. नाना एवढे खूश झालेले मी जिल्हा झाला तेव्हाही पाहिले नव्हते. "आम्ही पण झिजलेले खिळे वितळवायला लावत होतो. मालक म्हणायचा होत नाही. होतं की!"

याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ नावाचा पाद्री आला. पुढे तो तंजावरला गेला आणि दरबाराची भाषा म्हणून मराठी शिकला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मरताना दत्तक मुलाला त्याच्या हवाली केलं. तो मुलगा म्हणजे सरफोजी. गादी बळकावलेल्या चुलत्यापासून श्वार्ट्झने त्याला जपलं, शिकवलं, मद्रासला पाठवलं. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला आणि राजाकडे उरला किल्ला, पेन्शन आणि भरपूर वेळ. त्या वेळात त्यांनी काय केलं? शाळा काढल्या, सरस्वती महाल वाढवला, छापखाना घातला. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. गुरूकडून विद्या घेतली, धर्म घेतला नाही, आणि तरीही गुरूच्या थडग्यासाठी स्वतः इंग्रजीत कविता लिहिली. मला हा माणूस फार आवडतो.

यावर कोणी म्हणेल, देवनागरी खिळ्यांतली मराठी छपाई सुरू झाली बंगालमध्ये, विल्यम केरीच्या श्रीरामपूरला. अगदी बरोबर. केरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, देवनागरी खिळ्यांत छापलेलं, आणि त्याच्या हाताशी नागपूरकडचे वैजनाथ पंडित होते. पण श्रीरामपूर तेव्हा कोणाचं होतं? डेन्मार्कचं! गावाचं नावच फ्रेडरिक्सनगर. कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते म्हणून १८०० साली केरी हुगळीकाठच्या या डॅनिश गावात येऊन राहिला आणि तिथल्या गव्हर्नरने त्याला इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला. १८०८ ते १८१५ इंग्रजांनी दोन्ही गावं दाबून ठेवली होती, म्हणून केरीचा १८१० चा मराठी कोश डॅनिश झेंड्याखालचा म्हणता येणार नाही. व्याकरण मात्र नक्की.

म्हणजे बघा, देवनागरी खिळ्यांतली मराठी पुस्तकं अगदी सुरुवातीला छापली गेली ती या दोन ठिकाणी. एक डॅनिश गावातच, आणि दुसरीच्या राजाचा गुरू डॅनिश गावातून आलेला. डेन्मार्कवाल्यांना मराठीशी काहीही देणंघेणं नव्हतं. त्यांचा व्यापारही धड चालत नव्हता. पण बड्या सत्तेला नको असलेला माणूस पाय टेकवू शकेल एवढी जागा त्यांच्याकडे होती, आणि ती वापरली गेली. १८४५ मध्ये साडेबारा लाखांना त्यांनी दोन्ही गावं इंग्रजांना विकून टाकली.

"किलोवर?" नानांनी विचारलं.

मला हसावं की नाही कळेना.

सूर्य आमच्या पाठीमागे गावात बुडत होता (समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा तर कोकणात जा). सुंडलवाल्याकडून आईने तीन पुड्या घेतल्या. हरभऱ्याची उसळच, वरून ओलं खोबरं. पुडी तमिळ वर्तमानपत्राच्या कागदाची. नानांनी उसळ संपवली, कागद झटकला आणि उलटा धरून बघायला लागले. त्यांना तमिळचं एक अक्षर येत नाही.

"काय बघायलेत?" आईने विचारलं.

"ओळी सरळ आहेत का ते," नाना म्हणाले, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेले.