दुधाचा निवाडा

माझ्या अम्मीनं शेजारच्या एका आजारी बाळंतिणीच्या मुलीला काही महिने आपलं दूध पाजलं होतं. ती माझी दूधबहीण. आमच्यात हे नातं रक्ताइतकंच पक्कं. दूधबहिणीशी निकाह होऊ शकत नाही. आईचं दूध बाळाच्या जिवावर उठू शकतं, हे मी प्रथम वाचलं तेव्हा ते पचायला जड गेलं, त्याचं कारण हेच असावं.

१९८५ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ती नोंद केली. एका बाईला बाळंतपणानंतर रक्त चढवलं होतं, त्यातून तिला एचआयव्हीची लागण झाली आणि तिच्या दुधातून बाळाला. म्हणजे गर्भात नव्हे, पदराखाली. श्रीमंत देशांनी एचआयव्हीग्रस्त आयांना अंगावर पाजू नका म्हणून सांगितलं. तिथे नळाला शुद्ध पाणी होतं.

मग औषधं आली. १९९९ मध्ये युगांडातल्या कंपाला इथल्या अभ्यासानं दाखवलं, की कळा सुरू होताच आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला तीन दिवसांच्या आत त्याचं थोडं औषध दिलं, तर लागण जवळजवळ निम्म्यानं घटते. बाळाच्या कागदावर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसू लागला. एवढा आनंदाचा नकार दुसऱ्या कुठल्या कागदावर असेल, असं मला वाटत नाही. पण त्या शिक्क्याबरोबर फाईलही मिटायची. मूल सुटलं! ते वाढतंय का, हे विचारायचं राहून जायचं.

बोट्स्वानाची हकीकत इथे सांगायलाच हवी. हिऱ्यांच्या खाणींचा हा देश. सरकारनं मनापासून पैसा खर्च केला, एचआयव्हीग्रस्त आयांना बाळासाठी पावडरचं दूध फुकट दिलं. तिथेच १२०० स्त्रियांचा एक अभ्यास झाला. अर्ध्या जणींनी पावडरचं दूध दिलं, अर्ध्या जणींनी अंगावर पाजलं आणि बाळाला झिडोव्हुडिन हे औषध दिलं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. पावडरवरच्या मुलांत लागण कमी होती, पण पहिल्या सात महिन्यांत त्यांच्यात मृत्यू जास्त. दीड वर्षाला हिशेब मांडला, तर जिवंत आणि लागणमुक्त मुलं दोन्हीकडे जवळपास सारखीच.

त्याच २००६ च्या सुरुवातीला तिथे अतिवृष्टी झाली, पूर आले, पाणी दूषित झालं. जुलाबांची साथ पसरली आणि पाचशेहून अधिक लहान मुलं दगावली. फ्रान्सिसटाऊनच्या रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची चौकशी झाली, तेव्हा बहुतेक मुलं अंगावर पिणारी नव्हती. त्यातल्या बहुतेकांना एचआयव्हीही नव्हता. जुलाबापाठोपाठ अनेकांना तीव्र कुपोषणानं गाठलं. विषाणूपासून वाचवलेली मुलं बाटलीतल्या पाण्यानं नेली. कुणी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं, हे मला जास्त छळतं.

दरम्यान दुसरी वाट शोधणं चालू होतंच. दूध न तोडता बाळालाच सहा आठवडे नेव्हिरापिन द्यायचं, हा प्रयोग इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, झाला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा आठवड्यांच्या वयाला लागण घटलेली दिसली. आणि २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की औषधाचं कवच असेल तर आईनं पाजावं. पंचवीस वर्षांनी दूध निर्दोष सुटलं म्हणा ना!

तरी ही मुलं खुजी राहतात. आईचं आजारपण, जन्मतःच कमी वजन, घरातली चणचण, कारणं एकात एक गुंतलेली. झिम्बाब्वेच्या खेड्यांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. लागण न झालेल्या, पण एचआयव्हीग्रस्त आईच्या पोटी जन्मलेल्या मुलांत दीड वर्षाच्या वयाला शंभरातली पन्नास वयाच्या मानानं बुटकी होती. काही घरांना संडास बांधून दिले, हात धुण्याची सोय केली. त्यानं उंची वाढली नाही. काही घरांत मात्र सहाव्या महिन्यापासून बाळाला रोज वीस ग्रॅम पौष्टिक, स्निग्ध पेस्ट दिली आणि वरचं अन्न कसं भरवायचं ते आईला शिकवलं. तिथे पन्नासाचा आकडा चाळीसवर आला.

वीस ग्रॅम म्हणजे साधारण चार चमचे. आज जगात अशी दीड कोटीहून अधिक मुलं आहेत.