लॉगिनसाठी मोबाइल ॲप बरं की हार्डवेअर की?
मोबाइलमधलं ऑथेंटिकेटर ॲप दर 30 सेकंदांनी सहा आकडी नवा कोड दाखवतं. फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं. पण खोट्या साइटवर आपणच तो कोड भरला, तर चोर त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतो.

हार्डवेअर की ही पेनड्राइव्हसारखी छोटी चावी. लॉगिन करताना साइटचा पत्ता जुळला तरच ती चालते. माणूस फसला तरी चावी फसत नाही. गूगलने 2017 मध्ये कर्मचाऱ्यांना ती सक्तीची केली. त्यानंतर 85 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कुणाचंही ऑफिसचं खातं फिशिंगने गेलं नाही, असं कंपनीने 2018 मध्ये सांगितलं.

खर्च आहेच, आणि चाव्या दोन घ्याव्या लागतात. एक हरवली तर? परवडत असेल तर आधी ईमेलला लावा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. नसेल परवडत, तर ॲप ठेवा. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ते केव्हाही बरं.