रक्तातील पंचनामा

कावीळ होऊन गेलेल्या घरात ‘एसजीओटी’ हे नाव आता इतके अंगवळणी पडले आहे की, या विकराची पहिली ख्याती यकृतामुळे नव्हे, तर हृदयामुळे झाली असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटावी. वस्तुस्थिती मात्र तशीच आहे. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन या तिघांनी असे दाखवून दिले की, हृदयस्नायूचा भाग मृत झाला म्हणजे त्यातील हे विकर रक्तात झिरपते आणि चारपाच दिवसांत त्याचे प्रमाण पुन्हा पूर्वपदावर येते.

विकर काही डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा त्याच्या क्रियेतून निपजणाऱ्या द्रव्याची गाठ दुसऱ्या एका विकराशी घालून द्यावी, आणि त्या दुसऱ्या क्रियेत खर्ची पडणारे, ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषून घेणारे सहद्रव्य किती वेगाने संपते ते प्रकाशमापकावर घड्याळ लावून पाहावे, अशी कार्मेनची युक्ती होती. गोठलेल्या रक्तावर सुटणारा पिवळसर रक्तरस हलक्या हाताने वेगळा करावा लागे, कारण हेच विकर तांबड्या पेशींतही असते आणि त्या फुटल्या की सगळा हिशेब चुके.

१९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये क्रिएटिन कायनेज या दुसऱ्या विकराचा उपयोग सुरू झाला. ते अधिक तत्पर खरे. परंतु दंडात वा कुल्ल्यात टोचलेल्या सुईनेही ते वाढत असल्यामुळे, वेदनाशमनार्थ दिलेले इंजेक्शनच कधीकधी खोटा पुरावा उभा करी. शिवाय या सर्व परीक्षा म्हणजे घटनेनंतरचा पंचनामा होता. कोण तरेल आणि कोण नाही, याचा अदमास वैद्याला कानानेच घ्यावा लागे. १९६७ साली किलिप आणि किंबॉल यांनी २५० रुग्णांची चार वर्गांत विभागणी केली, ती फुप्फुसांतील बुडबुड्यांचा ध्वनी, रक्तदाब अशा खाटेपाशी कळणाऱ्या लक्षणांवरूनच: पहिल्या वर्गात शेकडा ६ दगावले, चौथ्यात ८१. या साध्या वर्गवारीबद्दल मला आजही आदर वाटतो.

इकडे टोकियोत सेत्सुरो एबाशी आणि आयाको कोदामा स्नायू कॅल्शियमचा हुकूम कसा मानतो, एवढ्याच जिज्ञासेने काम करीत होते. १९६५ साली त्यांना ट्रोपोनिन हे स्नायूतील प्रथिन सापडले, तेव्हा हृदयविकार त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. हृदयातील ट्रोपोनिनची ठेवण अन्य स्नायूंतील ट्रोपोनिनहून निराळी असते, या भेदाचा लाभ उठवून १९८७ साली कमिन्स यांनी आणि १९८९ साली हायडेलबर्गच्या हुगो काटुस यांनी रक्तपरीक्षा सिद्ध केल्या. खरी कलाटणी मिळाली ती पुढे. १९९६ साली अँटमन आणि सहकाऱ्यांनी छातीत कळ येऊन दाखल झालेल्या, परंतु हृदयालेखावर ठळक झटक्याची खूण नसलेल्या १४०४ रुग्णांची नोंद मांडली: ट्रोपोनिन वाढलेल्यांपैकी ४२ दिवसांत शेकडा ३.७ मृत्यू पावले, न वाढलेल्यांपैकी १.०. पंचनाम्याचा कागद आता आगाऊ इशाराही देऊ लागला. मग २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयवैद्यांच्या संस्थांनी रोगाची व्याख्याच ट्रोपोनिनवर बेतली, आणि काल ज्यांच्या दफ्तरी केवळ ‘अंजायना’ लिहिले गेले असते, त्यांच्यापैकी कित्येकांची गणना लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी झटका आलेल्यांत होऊ लागली.

याच सुमारास आणखी एक द्रव्य पुढे आले. जपानी संशोधकांनी १९८८ साली ते डुकराच्या मेंदूतून काढले, म्हणून त्याच्या इंग्रजी नावात मेंदू शिरला. पुढे कळले की मनुष्यात त्याचे मुख्य उगमस्थान हृदयाचे कप्पे असून, भिंतीवर ताण पडला की ते स्रवते. २००१ साली २५२५ रुग्णांत त्याचे प्रमाण जसजसे चढे, तसतसा मृत्यूचा धोकाही चढत जातो असे आढळले. आद्याक्षरे मात्र कोणी बदलली नाहीत. चाचणीच्या कागदावर ‘बीएनपी’ या अक्षरांतील पहिले अक्षर अजूनही मेंदूचेच आहे.