जोहार, अर्ज आणि परग्रहावरचं कोर्ट

परग्रहावरची बलाढ्य जमात पृथ्वीवर येते. तिच्या लेखी माणूस म्हणजे किडामुंगी. माणसाचा निकाल लावायचं ठरतं आणि मग एकजण उठून साऱ्या मानवजातीच्या वतीने भाषण ठोकतो. आम्ही चुकलो असू, पण जगायच्या लायकीचे आहोत! अमेरिकी विज्ञानकथेतलं हे ठरीव भाषण. हाइनलाइनच्या 1958 च्या 'हॅव स्पेस सूट, विल ट्रॅव्हल' या कादंबरीत तर रीतसर कोर्टच भरतं. माणसांचा नमुना म्हणून एक आदिमानव, एक रोमन शिपाई आणि एक अमेरिकी पोरगा हजर करतात. पोरगा गयावया करत नाही, उलट न्यायाधीशांनाच दम भरतो. 1987 साली 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका सुरू झाली तिच्या पहिल्याच गोष्टीत कप्तान पिकार्ड असाच आरोपी म्हणून उभा आहे. पूर्वी रानटी होतो ते कबूल, आज कसे आहोत ते तपासा, असं त्याचं म्हणणं.

दोस्तहो, त्या कादंबरीतली एक बारीक गोष्ट मात्र नजरेतून सुटू देऊ नका. कोर्ट त्या आदिमानवाला बाजूला काढतं. हा यांच्या वंशातला नाही, चुलत शाखेतला आहे म्हणतं. माणसाचा खटला, आणि त्यात आधी कोण माणूस धरायचा याचा निकाल! हे आपल्या ओळखीचं आहे. मानवजातीच्या वतीने बोलायला आपल्या गावातून कुणी नेला असता? पाटील, कुलकर्णी, झालंच तर देशमुख. महारवाड्याकडे ते यान वळलंच नसतं.

कारण आपल्याकडे ही कैफियत कल्पित नव्हती, आणि समोर बसलेला परग्रहावरचा नव्हता. बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणाराजा हे गाव आहे. परंपरा सांगते, चोखामेळा तिथला. पुढे तो मंगळवेढ्याला गेला. 1338 साली तिथं गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, तीत तो गाडला गेला. नामदेवाने हाडं ओळखून आणली, पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर पुरली. आत नाही, बाहेर. दार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे नऊ वर्षं गेली.

चोख्याने देवापुढे मांडणी केली ती जोहाराच्या घाटात. चावडीवर महार जसा मायबाप म्हणून वाकतो आणि कामाचा हिशेब देतो, तसंच. आपल्यातल्या पोरांना हे खुपतं. 1956 नंतर कित्येकांनी चोखोबा घरातून काढला, आणि त्यांचा राग खोटा नाही. मागल्या जन्माचं पाप म्हणून हा जन्म, हे तो मान्य करून बसतो तिथं त्याचा खटला हरतोच. पण त्याच घरात बघा. बायको सोयराबाई विचारते, देह जर विटाळातूनच जन्मतो तर सोवळा देह दाखवा कुठला. पोरगा कर्ममेळा तर उष्ट्यावर जगवणाऱ्या देवाचीच लाज काढतो. बाप वाकून बोलतो, लेक ताठ होऊन बोलतो, एका पिढीचं अंतर. बाबासाहेबांनी 1948 चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला वाहिला. तेव्हा चोख्याला फेकताना जरा थांबा.

पुढचं कोर्ट गोऱ्या सायबाचं. ते खरंच समुद्रापलीकडून आलेलं. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे. सूर असा, की आम्ही तुमच्यासाठी रक्त सांडलं, कोरेगावच्या खांबावर आमची नावं आहेत, आम्ही लायक आहोत. ही लायकी चाकरी करून सिद्ध करायची होती. त्या काळात तेही धाडसच, यात वाद नाही.

बाबासाहेबांनी हा सूरच मोडला. 1919 च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढे ते उभे राहिले तेव्हा वय 27. दुसऱ्यांची मालमत्ता जप्त होते, अस्पृश्यांचं तर माणूसपणच जप्त झालंय, अशा आशयाचं त्यांनी मांडलं आणि लगेच मताधिकार, प्रतिनिधी, आकडे यांवर आले. 20 नोव्हेंबर 1930 ला लंडनच्या गोलमेज परिषदेत तर आरोपी आणि न्यायाधीश यांच्या जागाच बदलल्या. आमची संख्या इंग्लंड-फ्रान्सएवढी, तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी नव्हतं, देवळात वाट नव्हती, तुम्ही इतकी वर्षं राज्य करून काय बदललं? ही कैफियत नव्हती, उलटतपासणी होती.

लोणारही आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं आभाळातून खरोखर काही पडलं. बेसाल्टच्या काळ्या खडकात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. पुराण म्हणतं, तिथं लोणासुर राहायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारला. मारणाऱ्याचं देखणं देऊळ गावात आहे. मेलेल्याचं म्हणणं काय होतं, ते कुणी नोंदवलं नाही. जोतिबांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त असल्या दैत्यकथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या. आलेले कोण आणि इथले कोण, हा त्यांचा पहिला सवाल.

काळ्या लेखकांनाही हा सवाल पडला. ऑक्टेव्हिया बटलरच्या 1987 च्या 'डॉन' कादंबरीत परके लोक माणसाचा दोष सांगतात तो असा: बुद्धी आहे आणि उतरंडीची खोडही आहे, या दोन गोष्टी मिळून तुमचा नाश. यापुढे भाषण काय करणार? चातुर्वर्ण्यात वाढलेल्याने तर तोंडच उघडू नये.

आणि डेरिक बेल. कायद्याचा प्राध्यापक, त्याची 1992 ची गोष्ट 'द स्पेस ट्रेडर्स'. परके येतात ते लढायला नाही, सौद्याला. सोनं देतो, हवा-पाणी साफ करून देतो, अक्षय ऊर्जा देतो, बदल्यात देशातले सगळे काळे आमच्या ताब्यात द्या. गोलाइटली नावाचा काळा प्राध्यापक आधी सरकारपुढे बोलतो, मग आपल्या लोकांपुढे. तिथं म्हणतो, माणुसकीची हाक गोऱ्यांना ऐकू येणार नाही. त्यापेक्षा आम्हाला जायचंच आहे, तिकडे मोठं सुख आहे असं दाखवा, म्हणजे ते जळतील आणि अडवतील. त्याचं कुणी ऐकत नाही. मतदान होतं, सत्तर टक्के सौद्याच्या बाजूने. साखळ्यांत बांधून माणसं जहाजात चढवतात, त्यांचे पूर्वज आले होते तशीच.

परक्यांनी त्यात एकालाही काही सिद्ध करायला सांगितलेलं नाही. निकाल शेजाऱ्यांनी दिला.

ही गोष्ट कुणीतरी वऱ्हाडी बोलीत लिहायला घ्यावी. भाषांतर नको. जहाज लोणारच्या काठावर उतरवा, मतदान ग्रामपंचायतीत घ्या, आणि सौद्याच्या बाजूने पहिला हात कोण वर करतो ते लिहा.