दोन बहिणींची नातवंडं आणि हाड पोखरणारं एन्झाइम

सप्टेंबर २०१६मध्ये मर्क या अमेरिकी औषध कंपनीने ओडानाकॅटिब या गोळीवरचं काम कायमचं थांबवलं. उतारवयात ठिसूळ होणाऱ्या हाडांसाठीची ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती आणि सोळा हजारांहून जास्त स्त्रियांवर तिची चाचणी झाली होती. मोडीत निघालेल्या औषधाची कुळकथा लिहायला कोणी बसत नाही. मी बसलो, कारण ही गोळी ज्या एन्झाइमला अडवते त्याच्याबद्दल वाचायला घेतलं की कुठे ना कुठे पॅरिसच्या एका चित्रकाराचं नाव येतंच. मुलां रूजची पोस्टरं रंगवणारा आंरी द तुलूझ-लोत्रेक. रसायनशास्त्राच्या मजकुरात हा माणूस आला कसा, याचा माग काढत गेलो तेव्हा वाट फ्रान्समधल्या आल्बी गावच्या एका सरदार घराण्यात आणि तिथल्या दोन सख्ख्या बहिणींपाशी जाऊन पोहोचली.

आधी एन्झाइमचं घराणं. रिखार्ड विल्श्टेटर आणि ऑयगेन बामान यांनी १९२९मध्ये जठराच्या अस्तरातल्या, सौम्य आम्लात प्रथिनं फोडणाऱ्या एका द्रव्याला कॅथेप्सिन हे नाव दिलं. विल्श्टेटर मोठा माणूस. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्याला १९१५चं नोबेल मिळालं होतं आणि विद्यापीठातल्या ज्यूद्वेषाचा निषेध म्हणून १९२४मध्ये त्याने म्युनिकच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडलं होतं. एन्झाइमं ही प्रथिनं असतात हे मात्र त्याला मान्य नव्हतं. जेम्स समनरने १९२६मध्ये युरिएजचे स्फटिक करून ते प्रथिन असल्याचं दाखवलं, तरी विल्श्टेटरचं मत बदललं नाही. कॅथेप्सिनांचं बारसं केलं ते असं, त्यांची जातच न मानणाऱ्या माणसाने.

पुढे १९५५मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेनमध्ये क्रिस्तियां द दूव्हने उंदराच्या यकृताच्या पेशींत आम्लधर्मी एन्झाइमांच्या पिशव्या शोधल्या आणि त्यांना लायसोसोम म्हटलं. आपल्या शाळेच्या पुस्तकातली लयकारिका ती हीच. त्या पिशवीत सापडलेल्या पहिल्या पाच एन्झाइमांत कॅथेप्सिन होतं. कॅथेप्सिन हे एकटं नसून मोठं खटलं आहे, हे हळूहळू लक्षात आलं. एकेकाला रोमन अक्षर मिळत गेलं: बी, सी, डी, एल, एस.

आपल्याला हवं असलेलं भावंड उशिरा सापडलं आणि त्याच्या नावाचा मोठा घोळ झाला. १९९४मध्ये जपानी संशोधकांनी सशाच्या ऑस्टिओक्लास्टमध्ये, म्हणजे हाड पोखरणाऱ्या पेशींमध्ये, एक नवं जनुक पाहिलं आणि त्याला ओसी-२ म्हटलं. वर्ष-दीड वर्षात वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तेच जनुक माणसात शोधलं. कोणी त्याच्या एन्झाइमला कॅथेप्सिन-ओ म्हटलं, कोणी ओ-२, कोणी एक्स, कोणी के. ‘ओ’ हे अक्षर तोवर स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत सापडलेल्या दुसऱ्याच कॅथेप्सिनने घेतलं होतं. शेवटी ‘के’ टिकलं. एकाच वेळी इतक्या जणांना ते सापडण्याचं कारण उघड आहे. हाड पोखरणाऱ्या पेशींत ते भरपूर असतं आणि त्या वर्षांत सगळेच तिथे शोधत होते.

पण एखादं एन्झाइम पेशीत भरपूर आहे म्हणून ते तिथे काय करतं हे कळत नाही. ते कळलं ज्यांच्याकडे ते जन्मापासून नव्हतं अशा माणसांकडून.

पॅरिसमधल्या लहान मुलांच्या रुग्णालयात पियेर मारोतो आणि मोरिस लामी हे दोघे हाडांचे जन्मजात विकार वेगळे काढत होते. १९६२मध्ये त्यांनी अशा काही रुग्णांचं वर्णन केलं ज्यांना तोवर इतर विकारांच्या खात्यात टाकलं जाई. क्ष-किरणांत हाड पांढरंशुभ्र, दाट दिसतं, तरी किरकोळ धक्क्याने मोडतं. उंची खुंटलेली, खालचा जबडा लहान आणि मागे सरलेला, बोटांची टोकं आखूड आणि झिजलेली. आणि डोक्याची टाळू मोठेपणीही न भरलेली. आपल्याकडे बाळाची टाळू भरली की नाही हे घरातली म्हातारी माणसं हाताने चाचपून बघतात. या रुग्णांची ती आयुष्यभर उघडी राहते. मारोतो-लामींनी या विकाराला पिक्नोडायसॉस्टोसिस म्हटलं.

तीन वर्षांनी, १९६५मध्ये, याच दोघांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं की तुलूझ-लोत्रेकला हाच विकार होता. तोवर त्याला मरून ६४ वर्षं झाली होती.

इथे मला थांबायचं आहे, कारण या निदानावर आजही एकमत नाही.

निर्विवाद गोष्टी एवढ्या. आंरी २४ नोव्हेंबर १८६४ला आल्बीत जन्मला. १८७८मध्ये, तेराव्या वर्षी, बुटक्या खुर्चीवरून उठताना घसरला आणि त्याचं डावं मांडीचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी आईबरोबर फिरताना कोरड्या ओढ्यात पडला आणि उजवं मोडलं. पाय फारसे वाढले नाहीत, धड मात्र नेहमीसारखं वाढलं. उंची साधारण १ मीटर ५२ सेंटिमीटर. मोठेपणी दाढी, जाड ओठ, हातात काठी, डोक्यावर टोपी.

घराण्याकडचा जुना खुलासा अपघाताचा: दोनदा पडला, म्हणून पाय खुंटले. मला तो अजिबात पटत नाही. खुर्चीवरून उठताना मांडीचं हाड मोडतं त्या मुलाचं हाड आधीच बिघडलेलं असतं. दुसरा खुलासा अकाँड्रोप्लेझियाचा, म्हणजे खुजेपणाच्या सर्वांत माहीत असलेल्या प्रकाराचा. त्यात हाडं अशी मोडत नाहीत. तिसरा जन्मजात काचेसारख्या हाडांचा, ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टाचा. फ्रॅक्चरांपुरता तो बसतो. पण हे दोन्ही विकार बहुधा जनुकाच्या एकाच सदोष प्रतीने होतात, आणि आंरीचे आईवडील धडधाकट होते.

आता त्या दोन बहिणी. आंरीच्या वडिलांची आई आणि आईची आई या सख्ख्या बहिणी होत्या. म्हणजे त्याचे आईवडील, अल्फोन्स आणि अदेल, मावसभाऊ-मावसबहीण. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात, १९५३मध्ये, ती नोंदवली आहे. मावस भावंडं मात्र आपल्याकडे सख्ख्या बहीणभावांच्या जागी धरली जातात. त्यांचं लग्न कोणी सुचवणार नाही. जनुकांच्या हिशेबात या दोन नात्यांत काहीच फरक नाही. त्या बहिणींच्या आई किंवा वडिलांपैकी एकाकडे सदोष जनुकाची एक प्रत असेल, तर मामेबहीण असो की मावसबहीण, ती प्रत दोन्ही वाटांनी एकाच पणतवंडात येण्याची शक्यता तीच राहते: ६४त १.

आणि या घराण्याने हा खेळ एकदाच केला नाही. अल्फोन्सची बहीण आलिक्स हिचं लग्न अदेलच्या भावाशी, आमेदेशी झालं. म्हणजे साटंलोटं, तेही मावस भावंडांतलं. आलिक्स-आमेदेंच्या मोठ्या गोतावळ्यातही काही मुलं खुजी निघाली. आंरीच्या फ्रॅक्चरांशी या मुलांचा काही संबंध नाही. अपघाताचा खुलासा इथेच मोडतो. धडधाकट आईवडील, दोन्ही बाजूंनी तेच रक्त आणि दोन्ही घरांत खुंटलेली मुलं, हे सगळं दोन सदोष प्रती लागणाऱ्या, अप्रभावी विकाराकडे बोट दाखवतं.

पण कोणत्या? गोत्रं जुळली म्हणून व्यक्ती ठरत नाही. १९९५मध्ये जूलिया फ्राय यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये नेमका हाच प्रश्न केला आणि पिक्नोडायसॉस्टोसिसचं निदान नाकारलं. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात मारोतोंनी आपली बाजू पुन्हा मांडली. विरोधातले मुद्दे हलके नाहीत. दीड मीटरपेक्षा जास्त उंची या विकारात सहसा आढळत नाही. या रुग्णांची हाडं जन्मभर मोडत राहतात, आंरीची मुख्यतः त्या दोन वर्षांत मोडली. न भरलेल्या टाळूचा पुरावा म्हणून टोपी दाखवली जाते, पण त्या काळच्या पॅरिसमध्ये टोपी कोण घालत नव्हतं? दाढी हनुवटी लपवते खरी, पण तिच्याखाली काय होतं ते सांगत नाही. रोंटगेनने क्ष-किरण १८९५मध्ये शोधले. आंरी १९०१पर्यंत जगला, तरी त्याच्या हाडांचं एकही क्ष-किरण चित्र आपल्या हाती नाही.

तरीही मी मारोतोंच्या बाजूचा आहे. एकेक लक्षण सुटं घेतलं तर दुबळं आहे, हे कबूल. पण अप्रभावी वारसा, किरकोळ पडण्याने मोडलेली मांडीची हाडं, आखूड पाय आणि सर्वसाधारण धड, आखूड बोटं, शाबूत बुद्धी, हे सगळं एकत्र धरणारा दुसरा विकार विरोधकांनी अजून पुढे केलेला नाही. आंरीला पुरलं त्या व्हेर्दले गावच्या दफनभूमीतल्या त्याच्या एखाद्या दाताच्या डीएनएवर वाद मिटेल. तोवर माझं मत हेच.

या निदानाचं मोल चित्रकाराच्या चरित्रापुरतं नाही, असंही मला वाटतं. इतका दुर्मिळ विकार तीन दशकं वैद्यकाच्या स्मरणात राहिला तो या एका नावामुळे. यावर कोणी म्हणेल की जनुकशास्त्रज्ञांना चित्रकार नको होता, मोठं कुटुंब हवं होतं. बरोबर आहे. १९९५मध्ये या विकाराच्या जनुकाची पहिल्या गुणसूत्रावरची जागा दोन गटांनी शोधली, एकाने इस्राएलमधल्या अरब कुटुंबात, दुसऱ्याने मेक्सिकोच्या कुटुंबात. पण अशा कुटुंबासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला विकार ओळखता यावा लागतो, आणि लोत्रेकचं नाव जोडलेला विकार विसरणं अवघड.

ती जागा कळली आणि नुकतंच बारसं झालेलं कॅथेप्सिन-के नेमकं तिथेच निघालं. न्यूयॉर्कमध्ये ब्रूस गेल्ब, रॉबर्ट डेस्निक आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की पिक्नोडायसॉस्टोसिसच्या रुग्णांत याच एन्झाइमचं जनुक बिघडलेलं असतं.

मग जुनी निरीक्षणं बोलू लागली. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं की त्यातलं खनिज विरघळतं आणि वाकणारा, रबरासारखा सांगाडा उरतो, तो कोलॅजनचा. ऑस्टिओक्लास्टही आधी हेच करतो. हाडाला चिकटून आम्ल सोडतो, खनिज विरघळवतो. नंतर आपल्या लायसोसोमांतला ऐवज बाहेर, हाडावरच रिकामा करतो. कोलॅजनची घट्ट तिपेडी वेणी फार थोड्या एन्झाइमांना तुटते. कॅथेप्सिन-के ती अनेक ठिकाणी तोडतं. ते नसेल तर पहिलं काम होतं आणि दुसरं अडतं. १९८५मध्येच व्हिन्सेंट एव्हर्ट्‌स आणि सहकाऱ्यांना दोन रुग्णांच्या ऑस्टिओक्लास्टमध्ये न पचलेल्या कोलॅजनने भरलेल्या पोकळ्या दिसल्या होत्या. जुनं हाड निघत नाही, नवं वर चढत राहतं, आणि दाट दिसणारं हाड मोडतं. इतर लायसोसोमी विकारांत कचरा पेशीच्या आत साठतो. इथे मुख्य काम पेशीच्या बाहेर अडलेलं असतं.

औषध कंपन्यांनी याचा उलटा अर्थ घेतला. म्हातारपणी हाड फार पोखरलं जातं, तर हे एन्झाइम थोडं अडवावं. नोव्हार्टिसच्या बॅलिकॅटिबने काही रुग्णांची त्वचा कडक केली. तो रेणू अल्कधर्मी होता, त्यामुळे आम्लधर्मी लायसोसोमांत साचून इतर कॅथेप्सिनांनाही अडवत होता. ज्या साचण्याला द दूव्हने १९७४मध्ये नाव दिलं, तेच हे. ओडानाकॅटिब त्यातून धडा घेऊन अल्कधर्मी नसेल असं घडवलं गेलं, आणि त्याने काम चोख केलं: खुब्याच्या हाडाची फ्रॅक्चरं ४७ टक्क्यांनी, मणक्यांची क्ष-किरणांत दिसणारी ५४ टक्क्यांनी कमी. २०१२मध्ये परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर आटोपण्याचा सल्ला दिला गेला. मग पक्षाघाताचे आकडे पुढे आले. गोळी घेणाऱ्यांत त्याचं प्रमाण जास्त होतं.

का, यावर माझा अंदाज असा. कॅथेप्सिन-के हाडांपुरतं नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही आढळतं. तिथेही कोलॅजन आणि लवचीक तंतूंची काढघाल चालते. जन्मापासून ते नसलेलं शरीर त्याशिवाय वाढायला शिकतं; सत्तरीच्या वाहिन्यांना ती मुभा नसते. अंदाज तपासायचा तर पिक्नोडायसॉस्टोसिसच्या म्हाताऱ्या रुग्णांत पक्षाघात किती, हे मोजावं लागेल. जगात असे रुग्ण थोडे. पण भारतातून त्यांच्या नोंदी सतत येतात, बऱ्याचशा दंतवैद्यांकडून, कारण दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, चिघळतं, आणि तेव्हा विकार ओळखला जातो. त्यांतल्या कितीतरी नोंदींत आईवडील नात्यातले असतात. दात काढून झाल्यावर या रुग्णांचा पाठपुरावा कोणी पुढची तीस वर्षं ठेवला, तर मर्कच्या सोळा हजार स्त्रियांनी अर्धवट सोडलेला प्रश्न इथूनच सुटू शकेल.