शालिहोत्र, सालोतर, सालोत्री : दख्खनमधील अश्ववैद्यकाचा प्रवास

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो माबार प्रांतातून, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून गेला. तेथील पांड्य राजा व त्याचे चार भाऊ प्रत्येकी दरवर्षी दोन हजारांहून अधिक घोडे विकत घेतात आणि वर्ष संपताना त्यांतील शंभरही जिवंत उरत नाहीत, असे त्याने नमूद केले आहे. त्याने दिलेले कारण विचार करायला लावणारे आहे. त्या देशात आजारी घोड्यावर इलाज करणारे कोणी नाही. होर्मुझ, एडन येथील व्यापारी असे जाणकार आपल्याबरोबर आणत नाहीत व कोणाला तिकडे जाऊही देत नाहीत, कारण घोडे मेले तरच पुढील वर्षी नवे खपतात.

बंदरावर ऐकलेली ही हकिगत जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. दमट हवा आणि शिजवलेल्या भाताबरोबर मांस घातलेला खुराक (हा तपशीलही पोलोचाच) एवढ्याने घोडे मरणे शक्य होते. शिवाय संस्कृत अश्वशास्त्र दक्षिणेला अपरिचित नव्हते. तथापि, हकिगतीचे मर्म खरे आहे. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू फार घट्ट असतो. त्यामुळे पोटात वायू धरला किंवा आतड्याला पीळ पडला, तर काही तासांत जठर फुटून वा आतडे सडून जनावर दगावते. दूरच्या वैद्याला निरोप धाडण्याइतका वेळ अशा प्रसंगी नसतो. इलाज पागेतच, पागेतल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. प्रस्तुत लेखात हे ज्ञान दख्खनच्या पागेपर्यंत कोणत्या भाषांतून पोहोचले आणि हैदराबादेत ते कोठे अडले, याचा विचार केला आहे.

प्रारंभ कल्याणीपासून करणे योग्य ठरेल. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ मराठीच्या अध्यापकांना त्यातील मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. त्याच ग्रंथात राजाच्या हत्ती-घोड्यांच्या ज्वरावर, जखमांवर व पोटाच्या विकारांवर उपचार सांगितले आहेत. या विद्येचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव परंपरेने घेतले जाते. पुढे बहमनी सुलतान अहमदशाह वली (कारकीर्द १४२२–१४३६) यांच्यासाठी अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्र परंपरेतील ग्रंथ फारसीत आणला. शालिहोत्राचे तेथे ‘सालोतर’ झाले. कल्याणी, गुलबर्गा व बीदर ही तिन्ही ठिकाणे पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा वारसा हैदराबादचा कसा, हे वेगळे सांगावे लागत नाही. बहमनींचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान हाही बीदरला आला तो व्यापारी म्हणून, आणि त्याच्या मालात घोडे होते. घोडा विकणारा आणि ज्ञान अडवून ठेवणारा एकच असतो, हा पोलोचा समज बीदरचा मदरसा (१४७२) उभारणाऱ्या या माणसाला तरी लागू पडत नाही.

शाहजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोजजंग याच्या नावावर आणखी एक फारसी सालोतर झाले. त्याचे जोसेफ अर्ल्सकृत इंग्रजी भाषांतर १७८८ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. मात्र पागेच्या दृष्टीने खरे वळण उर्दूचे. सआदत यार खान ‘रंगीन’ हा कवी अध्यापकांना रेख्तीमुळे परिचित आहे. त्याच्या चरित्रपर नोंदींत निजामाच्या तोफखान्यातील नोकरी आणि नंतर घोड्यांचा व्यापार असे दोन्ही उल्लेख येतात. त्याने १७९५ च्या सुमारास उर्दूत ‘फरसनामा’ रचला, डी. सी. फिलट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याला संस्कृत येत नाही आणि फारसीही जेमतेम, अशा स्वारालाही हे पुस्तक वाचून दाखवता येत होते.

या प्रवासाचा ठसा भाषेवर राहिला. हैदराबादच्या पायगाह अमीरांचे नाव आणि मराठी ‘पागा’ हे एकाच फारसी शब्दाचे दोन अवतार होत. मराठी लष्करात शिलेदाराला मोहिमेपूर्वी मिळणारी आगाऊ रक्कम ‘नालबंदी’ म्हणून ओळखली जाई. ‘नालबंद’ हे मुस्लिम कुटुंबांचे आडनाव महाराष्ट्रात आजही आढळते. शालिहोत्रावरून आलेला ‘सालोत्री’ हा शब्द घोड्याच्या वैद्याला लागला आणि इंग्रजी रिसाल्यांच्या कागदोपत्रीही रूढ झाला.

या मंडळींचे उपचार कसे होते? सरसकट गौरव किंवा सरसकट उपहास, दोन्ही अनैतिहासिक ठरतील. हिंग, ओवा, सुंठ, काळे मीठ यांचा काढा सौम्य वायूत निरुपद्रवी, क्वचित उपयोगी. अफूने वेदना थांबे, पण आतड्याची हालचालही मंदावे. कोठा दाटला असेल तर हाच उपाय घातक. डोके वर बांधून नळीने औषध ओतताना ते फुफ्फुसात जाण्याची भीती असे. शीर तोडून रक्त काढणे हे आधीच खचलेल्या जनावराला मारणेच होते. याउलट, खिळा चुकीचा बसून घोडा लंगडू लागला तर खुरावर ठोकून दुखरी जागा शोधणे, खिळा काढणे, खूर कोरून पू वाहता करणे हे नालबंदाचे काम आजचा पशुवैद्यही त्याच क्रमाने करतो. त्यातून धनुर्वात झाला तर मात्र कोणाचाच इलाज चालत नसे. बेहरिंग व कितासातो यांचे प्रतिविषाचे संशोधन १८९० मधले, आणि ते प्रतिविष पुढे तयार होऊ लागले तेही घोड्याच्याच रक्तातून.

आता हैदराबाद शहराकडे वळू. येथे १८४६ मध्ये वैद्यकशाळा निघाली आणि तिचे शिक्षण उर्दूत सुरू झाले. तत्पूर्वीच पायगाह घराण्यातील शम्सुल उमरा फखरुद्दीन खान यांनी पाश्चात्त्य विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणून छापली होती. माणसाच्या वैद्यकात जुने आणि नवे ज्ञान अशा रीतीने एका भाषेत समोरासमोर आले. घोड्याच्या बाबतीत असे घडले नाही. ज्या घराण्याच्या नावातच पागा आहे त्याच्या भाषांतरांची कीर्ती गणित-भौतिकीसाठी आहे, हा योगायोग मला चटका लावतो. नवे पशुवैद्यक आले ते इंग्रजी फौजेच्या मार्गाने : पुण्याची लष्करी पशुवैद्यक शाळा (१८६२), मग मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (१८८६). फौजेत सालोत्री हा गोऱ्या सर्जनच्या हाताखालचा हुद्दा ठरला.

हैदराबादच्या वैद्यकात घोडा दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. क्लोरोफॉर्मने मृत्यू होतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या वादासाठी डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग नेमले गेले. दुसऱ्यासाठी निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि डॉ. लॉडर ब्रंटन लंडनहून आले. कुत्री, माकडे, शेळ्या यांच्याबरोबर घोड्यांवरही प्रयोग झाले. हृदय निर्दोष, असा निष्कर्ष निघाला, ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये तो खोडला. घोड्याच्या शस्त्रक्रियेला ज्या भुलीची नितांत गरज होती, तिच्या चर्चेत घोडा रुग्ण म्हणून नव्हे, तर प्रयोगाचे साधन म्हणून आला होता.

पशुवैद्यकाचे महाविद्यालय हैदराबादेत निघाले ते १९४६ मध्ये, वैद्यकशाळेनंतर शंभर वर्षांनी. दोनच वर्षांनी राज्य भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या आणि पागा रिकाम्या झाल्या. नव्या पदवीधराला सालोत्री भेटलाच नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

फरसनाम्यांची हस्तलिखिते सालारजंग संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतील औषधांची छाननी केवळ फारसीच्या अध्यापकाला जमणार नाही आणि केवळ पशुवैद्यालाही नाही. दोघांनी एकत्र बसावे लागेल. तोंडी परंपरेसाठी नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. निजामी काळी हा मुलूख हैदराबादचाच होता. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा आजही प्रसिद्ध आहे. आपल्या महाविद्यालयांतील उर्दू व मराठीचे विद्यार्थी वह्या घेऊन तेथे गेले, तर पोटशूळ, खुराचे दुखणे, धनुर्वात यांसाठी नालबंद आणि घोडेवाले कोणते शब्द वापरतात, हे दोन-तीन दिवसांत टिपता येईल.